सासुरवाडीतलं हॉटेल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. वडनेर भोलजी

उद्या सकाळी बुलढाण्याला निघायचं. पाच-सहा दिवस हॉटेलात मुक्काम, लोणार पाहायचं, अजिंठा पाहायचा. आणि एक गोष्ट बोलून नाही, करून दाखवायची.

गेल्या महिन्यात खामगावच्या व्याख्यानमालेत माझा विषय होता, 'पाहुणचार: एक गोड गुलामगिरी'. मी म्हणालो, "जो माणूस दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला उतरतो, तो त्या घरातल्या बाईच्या पाठीवर उतरतो!" सभागृह उभं राहिलं. शेतमालाच्या भावावर मी इतकी वर्षं बोलतो आहे, पण तशा टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या. माझी पत्नी अनुपमा त्या दिवशी श्रोत्यांत होती. तिला खामगावला दात दाखवायचा होता म्हणून ती आली, आणि दाताच्या डॉक्टरकडे गर्दी होती म्हणून व्याख्यानाला आली.

परतताना एसटीत तिने विचारलं, "ते पाठीवर उतरायचं तुम्हीच लिहिलं?"

"मग कोण लिहिणार?"

नांदुऱ्याला म्हणाली, "मंग आपण बुलढाण्याले जाऊ. चौकातल्या हॉटेलात राहू. लग्नाआधी मी त्या हॉटेलाच्या काचा रोज पाह्यची. आत काय असते, ते पाह्यलं नाई."

मला अतिशय आनंद झाला. विचार घरातून सुरू झाला पाहिजे, हे मी नेहमी सांगतो. काय काय पाहायचं, असं विचारलं तर म्हणाली, लोणार पाहू, अजिंठा पाहू, नाही पाहिलं तरी चालेल. तिची अट एकच. हॉटेलात असेपर्यंत तिला कोणी चहा मागायचा नाही.

"मीसुद्धा?"

"तुम्ही तं पह्यले."

गमतीशीर अट आहे. मी मान्य केली. दुसरी सूचना मात्र मान्य केली नाही. बुलढाणा हे तिचं माहेर. तिचे थोरले भाऊ उकंडराव, ज्यांची भाजीबाजारात अडत आहे, त्यांचं घर त्या चौकापासून दोन गल्ल्यांवर. ती म्हणाली, "दादाले सांगू नोका." चोरून उपभोगलेलं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे! मी आज दुपारी उकंडरावांना फोन करून सर्व सांगितलं: तारीख, हॉटेलचं नाव, त्यामागची भूमिका. त्यांनी हॉटेलचं नाव दोनदा विचारून घेतलं. भूमिका पोहोचली असावी.

फोन ठेवल्यावर क्षणभर वाटलं, हिला आधी विचारायला हवं होतं का? पण तत्त्वाच्या प्रश्नावर मतदान घेत नसतात. अनुपमा संध्याकाळभर माझ्याशी बोललेली नाही. बॅगा भरण्याच्या गडबडीत आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार. बुलढाणा

राजूर घाट चढला की हवा बदलते. खाली आमच्याकडे आत्ताच ऊन चावायला लागलंय, इथे कानाला गार वारा लागतो.

हॉटेल राजविलास. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली चौक. वाढदिवसांचे फलक, उसाच्या रसाच्या गाड्या, रिक्षा. अनुपमा आधी पलंगाच्या कडेला बसली, दवाखान्यात बसतात तशी. मग मागे सरकली. मग पाय वर घेतले. चादर पांढरी शुभ्र होती, ती तळहाताने चाचपत म्हणाली, "हे मले धुवायची नाई."

मॅनेजर मुजम्मिल नावाचा तिशीतला तरुण आहे, बोलका. फोनवर नऊ दाबलं की चहा येतो, असं त्याने सांगितलं. अनुपमाने नऊ दाबलं. चहा आला. तो संपल्यावर थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. पुन्हा आला. तिसऱ्यांदा दाबायला लागली तेव्हा मी म्हटलं, पित्त होईल.

"प्यायचा नाई. येते का ते पाहून राह्यली."

संध्याकाळी उकंडराव आले. सोबत त्यांच्या पत्नी बेबीताई आणि चार डब्यांचा टिफिन. उकंडराव खोलीत आले नाहीत, उंबऱ्यावर उभे राहिले.

"जवाईबापू, मी जिवंत हाय का मेलो?"

"उकंडराव, आत या, बसा."

"तुम्ही मले बसा म्हणता? माह्या गावात? माह्या घरात चार खोल्या हायेत. एक नुस्ती पाहुण्याची. तिची गादी मी दिवाळीत पिंजून आणली. कोणासाठी आणली? अन् तुम्ही दोन गल्ल्या सोडून हॉटेलात! उद्या बाजारात लोकं म्हणतीन, उकंड जवायाले पोळ्या मोजून वाढते."

मी त्यांना समजावलं. आतिथ्याच्या नावाखाली यजमानाचं कंबरडं कसं मोडतं, पाहुण्याचं स्वातंत्र्य कसं जातं, युरोपात घरोघरी उतरण्याची चाल कशी मागे पडली, सगळं. उकंडरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मंग बॅग कोणती उचलू?"

तोवर बेबीताई आत येऊन बाथरूम पाहत होत्या. "अनुताई, गरम पाणी आपसूक येते?"

"डावीकडं फिरवा, वहिनी."

त्यांनी नळ फिरवला आणि बराच वेळ हात पाण्याखाली धरून उभ्या राहिल्या.

शेवटी उकंडराव खाली लॉबीतल्या सोफ्यावर जाऊन बसले. आम्ही घरी येत नाही तोपर्यंत उठणार नाहीत म्हणे. ठिय्या! मी आयुष्यात तीन ठिय्या आंदोलनांचं नेतृत्व केलं आहे. समोरच्या बाजूला बसण्याची ही पहिलीच वेळ.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लोणारला जायचं होतं. गाडी ठरवली होती. ड्रायव्हर संघर्ष, चांगला मुलगा, वेळेवर आला. पण लॉबीत उकंडरावांना पाहून गाडीची किल्ली खिशात ठेवून उभा राहिला.

"चला," मी म्हटलं.

"काका, नाई जमत. उकंडभाऊ म्हणले, जवायाले जो हॉटेलातून नेईन त्यानं पह्यले माह्या घरी नेऊन सोडावं. मले याच गावात राह्यचं हाय."

"हा माझ्या संचारस्वातंत्र्यावर घाला आहे!"

"हाव काका," तो म्हणाला आणि रस प्यायला गेला.

उकंडरावांनी आमच्या समोरचीच खोली घेतली आहे. सोफ्यावर कंबर धरली म्हणे. घरून स्वतःची उशी आणि पाण्याची कळशी आणली. नवऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून बेबीताईही मुक्कामाला आल्या. सकाळी देवपूजेपुरते उकंडराव घरी गेले आणि पुन्हा येऊन लॉबीत बसले. मी म्हटलं, तुम्ही स्वतः हॉटेलात राहून मला हॉटेलात राहू नका सांगता, यातली विसंगती तुम्हाला दिसत नाही?

"दिसते न," ते म्हणाले. "तुमच्यामुळं कोणती पाळी आली माह्यावर, ते तुमाले दिसते का?"

दिवसभर वाद चालला. खरं लिहायचं तर, इतका चांगला वाद मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. लोक जमले. रसवाल्याने आपली बाकडी आत आणून दिली. मी पाहुणचाराचा इतिहास घेतला, त्यांनी माझ्या लग्नात त्यांच्या वडिलांनी किती पंगती उठवल्या ते घेतलं. टाळ्या दोघांना सारख्या पडल्या. मुजम्मिलला मी पंच म्हणून विचारलं, तर तो म्हणतो, "सर, गिऱ्हाईक म्हणून तुम्ही बरोबर. पण खरं सांगू का? माह्ये मामू इथं येऊन माह्याच हॉटेलात उतरले असते तं मी त्यायले रूम नसती देल्ली."

दुपारी शेखरचा, म्हणजे आमच्या मुलाचा, वडनेरहून फोन आला. कुकरची शिटी सापडत नाही, आईला विचारा. मी वर जाऊन विचारलं. अनुपमा झोपली होती. दुपारी! बरं नाही का, असं विचारलं तर डोळे न उघडता म्हणाली, "मी हॉटेलात हाय म्हणून सांगा त्याले."

बेबीताई तिला समजावायला खोलीत गेल्या होत्या. बराच वेळ आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. मला आधी भांडण वाटलं. पण हसण्याचाही आवाज होता. बायकांचे वाद कसे चालतात, यावर कोणी अभ्यास केला पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

परिस्थिती चिघळली आहे.

उकंडरावांची मुलगी अपेक्षा डोणगावला दिली आहे. तिचे सासरे नारायणराव यांना कोणीतरी कळवलं की उकंडराव घरदार सोडून हॉटेलात राहायला गेले. नारायणरावांनी अर्थातच निष्कर्ष काढला की व्याह्यांच्या घरात मोठं भांडण झालं. ते सकाळच्या गाडीने पत्नी सोजराबाईंसह समझोता करायला हजर.

लॉबीत येऊन त्यांनी उकंडरावांचे दोन्ही हात धरले. "व्याहीबुवा, काय झालं? सूनबाई रातभर रडली. घर वाटणीले गेलं का?"

उकंडराव म्हणाले, "काईच नाई झालं. जवाईबापू हॉटेलात उतरले म्हणून मी बी उतरलो."

"म्हणजे भांडण जवायाशी हाय."

"भांडण नाई हो!"

"भांडण नाई, तं मंग दोघं बी हॉटेलात काऊन?"

या प्रश्नाचं उत्तर मी देणार होतो. पण मला जाणवलं की ते द्यायला खामगावच्या व्याख्यानाइतकाच वेळ लागेल.

उकंडरावांचा चेहरा पांढरा पडला होता. पोराकडचे व्याही गावात आले आणि त्यांना घरी नेता येत नाही! ते म्हणाले, "तुम्ही घरी चला. ही किल्ली घ्या. घर तुमचंच हाय."

नारायणराव ताठ उभे राहिले. "यजमान हॉटेलात, अन् मी त्याच्या रिकाम्या घरात? लोकं म्हणतीन, व्याह्यानं घर बळकावलं."

"मंग कुठं राह्यता?"

"तुमी जिथं तिथं."

आणि त्यांनी खोली घेतली. उकंडरावांच्या शेजारची. आता या गावात माझ्या सासुरवाडीचं एक कुलूपबंद घर आहे, ज्यात पाहुण्यांसाठी पिंजलेली गादी आहे, आणि त्या घराचा मालक, मालकीण, जावई, मुलगी, व्याही आणि विहीण हे सगळे त्या घराची इज्जत राखण्यासाठी हॉटेलात राहत आहेत.

मुजम्मिलच्या धुतलेल्या चादरी संपल्या. त्याने त्याच्या आईकडून, हुस्नबानो यांच्याकडून, घरच्या मागवल्या. अनुपमाच्या पलंगावर आता मोठाली गुलाबी फुलं आहेत. तिला त्याही आवडल्या.

सोजराबाई डोक्यावरचा पदर सारखा करत वर गेल्या. त्यांना बायकांची बाजू समजून घ्यायची होती. दिवसभर त्या खाली आल्याच नाहीत. मुजम्मिल सांगत होता की वरून नऊ नंबरचा फोन सारखा वाजतोय.

लोणार राहिलं. अनुपमाला विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, "लोणार कुठं पळून चाललं?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. तोडगा निघाला, आणि तो मी काढला.

सकाळपासून विचार करत होतो. तत्त्व हरता कामा नये, आणि माणूसही मोडता कामा नये. उकंडराव रात्री झोपले नाहीत, डोळे लाल होते. नारायणराव प्रत्येकाला कोपऱ्यात घेऊन 'खरं काय ते सांगा' असं विचारत होते. मी लॉबीच्या मधोमध उभा राहिलो. रसवाला, संघर्ष, मुजम्मिल, बाहेरचे दहा-पाच लोक, सगळे गप्प झाले.

मी म्हणालो, "मित्रहो, मुक्काम आणि भोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! मुक्काम हा माणसाच्या एकांताचा प्रश्न आहे. भोजन हा माणसांच्या एकत्र येण्याचा प्रश्न आहे. आम्ही झोपू हॉटेलात, आणि जेवू उकंडरावांच्या घरी. चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण. सगळे मिळून, एका पंगतीत! माझं स्वातंत्र्य शाबूत, त्यांचा मान शाबूत!"

उकंडरावांनी मला मिठी मारली. "जवाईबापू, तुमी देवमाणूस. उद्यापासून माह्या घरची चूल थंडी राह्यची नाई." नारायणरावांनी करार मोडणाऱ्यास दोन्ही घरांचं पाणी बंद, अशी पुस्ती जोडली. टाळ्या पडल्या. मुजम्मिलने स्वतःच्या खर्चाने पेढे आणले. त्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं असणार.

मी धावत वर गेलो. आमच्या खोलीत तिघी होत्या. अनुपमा आणि बेबीताई पलंगावर पाय पसरून टीव्ही पाहत होत्या, सोजराबाई खुर्चीत, केस मोकळे सोडून, नुकत्या न्हालेल्या. मी सगळा करार सविस्तर सांगितला. मुद्दे क्रमाने मांडले.

अनुपमाने विचारलं, "सहा माणसायचा दोन टाइमचा सैपाक कोण करंन?"

"घरच्या बायका आहेतच की," मी म्हणालो.

"हो का."

बेबीताईंनी टीव्ही बंद केला. सोजराबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांना भरून आलं असावं.

"करार म्हणजे करार?" अनुपमाने विचारलं.

"अक्षरशः पाळायचा," मी म्हणालो. "नारायणरावांनी तर पाणी बंद करायची अट घातली आहे."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिलाही पटलं. मात्र आज संध्याकाळी तिने एकदाही नऊ दाबलं नाही. खिडकीत उभी राहून चौकाकडे पाहत होती. जिंकल्यानंतर एक प्रकारची पोकळी जाणवते, हा माझाही अनुभव आहे. तसंच काहीतरी असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठलो तर शेजारी अनुपमा नाही. समोरच्या खोलीत बेबीताई नाहीत. तिच्या शेजारच्या खोलीत सोजराबाई नाहीत. नारायणराव बनियनवर व्हरांड्यात उभे. "मी म्हणलो होतो, काईतरी झालं हाय!"

खाली मुजम्मिल म्हणाला, "भाभी लोकं लोणारले गेले. पहाटीच. संघर्षची गाडी घेऊन."

"पण तो तर गाडी न्यायला तयार नव्हता!"

"तुम्हाले नव्हता. बेबीमावशी म्हणली, मी उकंडभाऊची बायको, मले कोण अडवते? त्यानं गुपचूप गाडी काढली." मग त्याने निरोप दिला. "अन् म्हणे, जेवण उकंडमामूच्या घरीच. करार पाळजा."

करार पाळणं भाग होतं. आम्ही तिघं उकंडरावांच्या घरी गेलो. कुलूप काढलं. स्वच्छ, थंड, बंद पडलेल्या कारखान्यासारखं स्वयंपाकघर.

आधी चहा, असं ठरलं.

उकंडराव म्हणाले, "जवाईबापू, तुमी बसा. जवायानं चुलीजवळ जाऊ नाई. माह्या बापानं वरून पाह्यलं तं?"

मी नारायणरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडं नोका पाहू. मी पोराचा बाप. व्याह्याच्या घरी मी चहा मांडला असं डोणगावात कळलं, तं बसस्टँडवर उभं राह्यची सोय नाई."

"मग यजमानांनी करावा," मी म्हटलं.

उकंडराव बराच वेळ शेगडीकडे पाहत होते. "मले येत नाई," ते म्हणाले.

पाहुणचाराच्या सगळ्या नियमांनुसार त्या घरात चहा करायला पात्र असा एकही माणूस नव्हता. तीन माणसं, मिळून जवळजवळ दोनशे वर्षं वय, आणि समोर दुधाची पिशवी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाहुणचार ही गुलामगिरी आहे असं मानणारा माणूस खोलीत मी एकटाच आहे. म्हणजे जावई म्हणून मिळणारा मान मी नाकारायलाच हवा. म्हणजे चहा मीच करायला हवा. तर्क इतका स्वच्छ होता की मी उठलो. उकंडराव माझा हात धरायला धावले, मी त्यांना बाजूला सारलं. रागात माझी वऱ्हाडी बाहेर येते, तशी आली: "सोडा न बे मले! चहाच करून राह्यलो, खून नाई!"

लायटर सापडेना. अनुपमाला फोन लावला. वारा जोरात ऐकू येत होता.

"कुठं आहेस?"

"काठावर. खाली सरोवर दिसते. हिरवं हाय. लई मोठं हाय हो. मधी खोल खोल उतरून गेलंय. तुम्ही पाह्यलं असतं तं भाषण देल्लं असतं."

"बरं, लायटर कुठे असतो?"

"कोणाचा?"

"उकंडरावांच्या घरी."

"ते वहिनीले विचारा." वहिनी जरा लांब होत्या. मागून सोजराबाईंचा आवाज आला, कोणालातरी फोटो काढायला सांगत होत्या. मग बेबीताई फोनवर आल्या. "लायटर मीठमसाल्याच्या डब्यामागं हाय. अन् भाऊजी, दूध उतू जाते तेव्हा फुंकर मारून होत नाई, गॅस कमी करा." फोन बंद झाला.

दूध उतू गेलं. चहा झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा केलेला चहा. साखर दोनदा पडली होती, आलं सालीसकट होतं. नारायणरावांनी कप दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेऊन म्हणाले, "चहाच हाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला क्वचितच मिळालं असेल.

जेवणाला पिठलं करायचं ठरलं, कारण तिघांनाही ते सोपं वाटत होतं. त्याविषयी मी जास्त लिहिणार नाही. भात मात्र खाली लागला तरी वरचा खाता आला.

जेवताना उकंडराव एकदम म्हणाले, "गादी पिंजली ते मी सांगतो सगळ्याले. पण पाहुणे आले की बेबी ओसरीवर चटई टाकून निजते. ते मी कोणाले नाई सांगत." मी वरचा भात त्यांच्या ताटात वाढला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज परतायचा दिवस. बॅग भरली. अनुपमाची बॅग भरलेली नव्हती.

"मी अजून काही दिवस राह्यते," ती म्हणाली. "उद्या अजिंठा. मंग वहिनी म्हणते बोथ्याचं जंगल पाहू, अस्वल दिसते म्हणे. सोजराबाई बी राह्यल्या."

"पण करार?"

"करारात लिव्हलं का, कोणी कधी जायचं?"

लिहिलं नव्हतं. मी शब्दशः आठवून पाहिलं. हिला इथे सोडून एकट्याने परतायचं कसं, म्हणून मीही थांबायचं ठरवलं.

पुढचा धक्का खाली बसला. बायकांनी तीन खोल्यांपैकी दोन सोडून दिल्या होत्या. आमच्याच खोलीत त्या तिघी राहणार, मुजम्मिलने एक जास्तीची गादी टाकून दिली. माझी बॅग, उकंडरावांची उशी आणि कळशी, नारायणरावांची पिशवी असं सगळं काउंटरशेजारी ओळीने ठेवलेलं होतं.

"मी कुठे झोपायचं?" मी विचारलं.

मुजम्मिल खजील झाला. "सर, दुसऱ्या रूमा लग्नाच्या वऱ्हाडाले गेल्या."

उकंडरावांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी वर्णन करू शकत नाही. त्यांनी माझी बॅग उचलली आणि इतक्या भरभर चालू लागले की मला मागे पळावं लागलं. चौकात भेटेल त्याला ओरडून सांगत होते, "जवाई आले! घरी आले!" रसवाल्याने मला फुकट रस दिला. काय म्हणून दिला, मी विचारलं नाही.

म्हणजे मी हरलो. खामगावला जे बोललो, त्याच्या नेमकं उलट आज मी करतो आहे. दुसऱ्याच्या घरी उतरलो आहे. फक्त कोणाच्या पाठीवर उतरलो, ते दिसत नाही. उकंडरावांनी स्वतः गादी घातली, चादर उलटी अंथरली. नारायणरावांनी बादलीत पाणी काढून ठेवलं. मच्छरदाणीचा एक कोपरा टिकतच नव्हता, तो तिघांनी मिळून खिळ्याला बांधला.

एक शंका मनात येते आहे, ती लिहून ठेवतो. अनुपमा पहिल्या दिवसापासून म्हणत होती की लोणार पाहिलं नाही तरी चालेल. मग हिला पाहायचं काय होतं? संध्याकाळी तिला विचारायला हॉटेलात गेलो. लॉबीत मुजम्मिलने फोन लावून दिला. मी म्हणालो, काही लागलं तर सांग, मी दोन गल्ल्यांवरच आहे.

"काई नाई लागत," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या आवाजासारखा नव्हता. हलका होता. लग्नाआधी असेल तसा. मी तेव्हा तिला ओळखत नव्हतो.

प्रश्न विचारायचा राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

त्या अजिंठ्याला गेल्या. संघर्षने जाताना दारावरून हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात केला. गाडी थांबली नाही, पण मागच्या सीटवरून तीन हात बाहेर आले.

पोहे भिजवले आहेत. नारायणराव कांदा चिरत आहेत आणि डोणगावात हे कोणाला कळू नये म्हणून त्यांनी दाराची कडी लावून घेतली आहे. बाहेरून कोणीतरी उकंडरावांना हाक मारत होतं, त्यांनी ओ दिली नाही.

आता स्वयंपाकघरातून उकंडरावांचा आवाज येतो आहे. "जवाईबापू! तुमी इतकं वाचलं, एक सांगा. पोह्यात हळद आधी का मंग?"

मी उत्तर द्यायला उठून उभा राहिलो आहे. सवयीने गळाही साफ केला. पण सुरुवात सुचत नाही. दोघं कढईशेजारी उभे राहून माझ्याकडे पाहत आहेत, आणि तेल तापत चाललं आहे.